भुजंग टेलरचा लांबलेला टेप

हसनाबादच्या भुजंग टेलरने शिवलेले कपडे मी वीस वर्षं घातले आणि वीस वर्षं त्याच्याशी भांडलो, कधी उशिरावरून, कधी वाकड्या काजांवरून. दिवाळीचा शर्ट तो संक्रांतीला देई आणि वर मलाच विचारी, "मास्तर, कपडे थंडीतच लागतात ना?" दुसऱ्याने घेतलेल्या मापावर मात्र तो कधीच कात्री चालवत नसे.

एकदा रागाच्या भरात मी त्याच्या वहीतलं माझं माप उतरवून घेतलं आणि जालन्यात पँट शिवून घेतली. ती घोट्याच्या वर चढली. शाळेत पोरं आठवडाभर हसली. मी तणतणत दुकानात गेलो, तर काज करत बसलेली त्याची बायको उषाबाई म्हणाली, "यांचा टेप ताणून ताणून इंचभर लांबलाय, मास्तर. पर माप बी त्याच्यानंच आन् कापणं बी त्याच्यानंच, म्हून बराबर बसतं." भुजंगला ही बदनामी बिलकुल मान्य नव्हती.

पुढे उषाबाईच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या, एका डोळ्याने धूसर दिसू लागलं. औरंगाबादच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार सांगितला. एमआरआयमध्ये मेंदूवर नऊ डाग निघाले. औषध सुरू झालं. वर्षाने, २००३ साली, पुन्हा एमआरआय काढला, तर डाग चौदा.

"आता हात बी जाणार," एवढंच म्हणून उषाबाईने सुई डब्यात ठेवली. भुजंगची बडबड बंद पडली. त्याच्याशी भांडता येईना, याचं मला फार वाईट वाटलं.

इंग्रजी रिपोर्ट वाचायला म्हणून त्यांनी मला सोबत नेलं. आजार वाढलेला दिसतो, औषध बदलावं लागेल, असं डॉक्टर सांगत होते. भुजंग मध्येच म्हणाला, "साहेब, दोन्ही फोटो एकाच मशीनवर काढलेत का?"

"नाही. यंदाचा नव्या मशीनवर. ते जास्त ताकदीचं आहे."

"मंग हे दोन टेपचं माप झालं."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण भुजंग थांबेना. "माझा टेप इंचभर लांबलाय, साहेब. वीस वर्षं त्याच्यावरच शिवून राह्यलो, कुणाचं कापड बिघडलं न्हाई. पर माझं माप दुसऱ्याकडं नेलं की बिघडतं. हे मास्तर नेऊन आल्ते, विचारा."

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म पुन्हा उजेडावर धरल्या. बराच वेळ पाहून म्हणाले, "नव्या मशीनवर बारीक डागही दिसतात. ते आधीचेच असू शकतील. औषध बदलण्याआधी जुन्याच मशीनवर, पहिल्यासारखाच फोटो काढून बघू."

"मास्तर," उषाबाई हळूच म्हणाली, "टेपचं कबूल केलं यांनी. साक्षीला ऱ्हावा."

जुन्या मशीनवर डाग नऊच निघाले. औषध तेच ठेवायचं ठरलं, आणि इथून पुढे तुलना जुन्याची जुन्याशी, नव्याची नव्याशी.

चार दिवसांनी दुकानात गेलो. उषाबाईने डब्यातून सुई काढली होती आणि माझ्या नव्या शर्टाचं पहिलं काज पुरं केलं होतं. ते जरा वाकडं होतं. भुजंगने शर्ट तिच्या हातातून ओढला, माझ्या अंगावरच्या, गेल्या वर्षीच्या शर्टाची कॉलर धरून तिनेच केलेलं गळ्याचं काज पुढे ओढलं आणि दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून डोळे बारीक करून पाहिलं.

"तितकंच वाकडंय!" तो रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्याने ओरडला. "उषा, सुतभर बी जास्त न्हाई!"

त्याचे डोळे भरून आले होते. माझी कॉलर अजून त्याच्याच मुठीत होती, आणि वाकड्या काजाबद्दल मी पहिल्यांदाच काही बोललो नाही.