ओठांवरची मण्यांची पट्टी

भूत म्हटलं की 'आधी वायरिंग तपासा' म्हणणारा मी माणूस. इकडे अमेरिकेत, आमच्या पिस्कॅटवे गावात गणपतीच्या जेवणानंतर असल्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून प्लेट्स गोळा करायला लागायचो. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर माझी तक्रार नाही...

माझी बायको शुभदा रिटायर झाल्यावर तासाभरावरच्या एका म्युझियममध्ये व्हॉलंटियर गाइड होती. तिचा लाडका मुखवटा काँगोमधल्या कुबा लोकांचा — न्गाडी. ही त्यांच्या आद्य पुरुषाची बायको. गालांवर आसवांच्या रेघा आणि नाकावरून ओठांवर उतरलेली मण्यांची पट्टी, म्हणजे गप्प राहायचं. मराठी पाहुणे आले की शुभदा म्हणायची, "तोंड दाबून बुक्क्यांचा मार! आणि गंमत बघा, हा घालून नाचतो पुरुषच."

गेल्या वर्षी तिला स्ट्रोक आला आणि वाचा गेली. स्पीच थेरपी झाली, रामरक्षा झाली... एक शब्द फुटला नाही.

एका शनिवारी दुपारी मी तिची व्हीलचेअर न्गाडीसमोर लावली आणि खालच्या कॅफेतून तिच्यासाठी कॉफी आणायला गेलो. परत येतो तर एक अनोळखी मराठी मुलगी हसत समोर आली.

"काका, काकूंनी काय मस्त एक्सप्लेन केलं हो! तोंड दाबून बुक्क्यांचा मार — एकदम परफेक्ट!"

"कोण बोललं?"

"काकूच की! म्हणाल्या, आमचे हे कॉफी आणायला गेलेत, साखर नक्की विसरणार."

मी साखर विसरलोच होतो.

धावत गेलो. शुभदा मुखवट्याकडे बघत बसली होती, ओठ मिटलेले. "शुभदा, बोल ना गं... शिव्या दे हवं तर!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं, बस्स. ती मुलगी बिचारी घाबरली. "शप्पथ काका, त्याच बोलल्या."

डॉक्टर म्हणतात, अशा पेशंटच्या तोंडून एखादं स्तोत्र किंवा शिवी निसटते कधी, पण एवढं बोलणं? त्यांनाही सांगता येत नाही. मला तर नाहीच. परक्या पोरीशी बोलली, मग माझ्याशी का नाही? फार रडू येतं हो.

अजूनही दर शनिवारी जातो. तिला न्गाडीसमोर बसवतो, कॉफी आणतो. साखर आता मुद्दाम घालत नाही. पहिल्या घोटाला ती तोंड वाकडं करते... आणि मी वाट बघत उभा राहतो.