तिऱ्हाईत कुंदामावशी

कुंदामावशी कुणाच्याही घरी पोटभर जेवत नसत. अमेरिकेत शुगर लँडला आम्ही घर घेतलं, तेव्हा शेजारधर्म म्हणून त्यांना पहिल्यांदा जेवायला बोलावलं. सासूबाईंनी पुरणपोळ्या केल्या होत्या. मावशींनी अर्धी खाल्ली, तोंडभरून कौतुक केलं आणि हात धुतले. "एवढ्या शिकल्या सवरल्या, पण आग्रहाचा मान ठेवायची रीत नाही," असं सासूबाई नंतर आठवडाभर पुटपुटत होत्या.

मी नागपूरची. गोष्टीचा छडा लागेपर्यंत मला चैन पडत नाही. दुसऱ्याच शनिवारी त्यांच्या ओट्याशी उभी राहून विचारलंच, "मावशी, पुरण बिघडलं होतं का हो?"

त्या खो खो हसल्या. मग कळलं, की या बाई आयुष्यातली कितीतरी वर्षं आफ्रिकेतल्या एका देशात शांती पथकात होत्या. आता गुडघे गेले म्हणून मुलीकडे, अनघाकडे, येऊन राहिल्या होत्या. देशाचं नाव मात्र त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि अनघालाही सांगू दिलं नाही. "उद्या तू कुठंतरी बोलशील, आणि तिथं कुणालातरी वाटेल मी त्यांची गाऱ्हाणी गावभर करतेय."

तिथं यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं. एका बाजूला डोंगरातले लोक, दुसऱ्या बाजूला नदीकाठचे. बंदुका जमा करायचं ठरलं होतं, पण आधी कोण देणार? मावशी दोन्हीकडे जायच्या. पहिल्याच फेरीत डोंगरकडच्या म्होरक्याने जेवायला बसवलं आणि आपल्यासारखाच आग्रह केला. मावशी कोल्हापूरच्या, ताटाला नाही म्हणायची सवय नाही. दुपारी नदीकडच्या म्होरक्याने ताट वाढलं, तर या म्हणाल्या, "नको हो, पोट अगदी भरलंय." संध्याकाळपर्यंत नदीकाठी बातमी: मध्यस्थ बाई डोंगरवाल्यांची झाली! बंदुका जमा करणं ठप्प.

"आपल्याकडे पोट भरलंय म्हणणं ही सभ्यता गं," मावशी म्हणाल्या. "तिथं तो राजकीय निर्णय झाला. तेव्हापासून अर्धं पोट इकडे, अर्धं तिकडे. सवयच लागली मेली."

मला नवल वाटे. शेकडो माणसं मेलेली, आणि ही परकी बाई मध्ये जाऊन करते काय? मी खोदून खोदून विचारायची. "काही नाही करत," त्या म्हणायच्या. "आम्ही शहाणे म्हणून नाही बोलावत आम्हाला. आम्ही तिऱ्हाईत, म्हणून. बंदूक खाली ठेवली की समोरचा मारेल, ही दोघांनाही भीती. ती भीती ठेवायला तिसरी जागा लागते." आणि करार झाला की? "सहीच्या दिवशी सगळे फोटोत असतात. खरं काम फोटोवाले गेल्यावर." पण तिथंच ठाण मांडून राहायलाही त्यांचा विरोध. "तुरटी फिरवायची आणि काढून घ्यायची. विसरलीस, तर पाणी पिववत नाही."

आता खरं सांगू का, स्वतः मावशींना ही तुरटी काढता येत नव्हती. पथक कधीच गुंडाळलं होतं, तरी दर रविवारी सकाळी त्या दोन्ही म्होरक्यांना फोन करायच्या. दोघंही आता म्हातारे. एकमेकांशी न बोलणारे, पण यांच्याशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तासभर बोलणारे. अनघा वैतागायची, "आई, यू आर रिटायर्ड!"

गेल्या उन्हाळ्यात मावशींची बायपास ठरली, गुरुवारी. त्याआधीच्या रविवारी मी त्यांना सोबत म्हणून गेले होते. त्यांनी करायच्या आधीच नदीकडच्या म्होरक्याचा फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर घेतला. बाजारात डोंगरकडच्या पोरांनी त्यांच्या एका नावाड्याला बेदम मारलं होतं. "आमची मुलं पुरलेल्या बंदुका काढायला निघालीयेत. त्याला सांगा, त्याची माणसं आवर."

"तुम्हीच सांगा," मावशी म्हणाल्या.

मी चक्रावले. "अहो मावशी, एक निरोप पोचवायला काय जातंय? तिथं माणसं मरतील!"

"आज पोचवेन. गुरुवारी मी टेबलावर. पुढच्या वेळी कोण पोचवेल? तू?"

त्यांनी डोंगरकडच्या म्होरक्याला त्याच कॉलवर घेतलं आणि स्वतःला म्यूट केलं. बाप रे, काय ती भांडणं! जुने मुडदे उकरून काढले दोघांनी. मला राहवेना, मी फोनकडे हात नेला, तर मावशींनी फटकन मारला हातावर.

बऱ्याच वेळाने डोंगरकडचे म्हणाले, "नावाडी कसा आहे?"

"जबडा तुटलाय. डोळा वाचेल म्हणतात."

"मी येतो बघायला. मुलांना सांग, मी एकटा येईन."

मग दोघं एकदम विचारू लागले, "मॅडम? मॅडम, आहात ना?" मावशींनी उत्तर न देता फोन ठेवला. पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आता मला कोण विचारतंय गं." आणि हसल्या. एवढ्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि एवढ्या एकट्याही.

ऑपरेशन नीट झालं, पण दुसऱ्या दिवशी मावशी गेल्या. मला माझी मावशी गेल्यासारखंच झालं. अनघाला बोलवेना, म्हणून तिने फोन माझ्या हातात दिला. "त्या दोघांना तूच सांग." आधी कुणाला सांगायचं, यावर मी बराच वेळ घालवला. एकाला आधी कळलं, तर दुसऱ्याला काय वाटेल? शेवटी धीर करून नदीकडच्यांना लावला. कसंबसं सांगितलं. आणि पलीकडून आवाज आला तो डोंगरकडच्यांचा.

"मला वेगळा फोन करू नका," ते म्हणाले. "मी इथंच बसलोय, नावाड्याच्या खाटेपाशी. ऐकलं आम्ही दोघांनी."