भोंगेवाल्या जमशेदनं दिलेला शब्द

तुमच्या खासदारानं दिल्लीत कशाला हो म्हटलं आणि कशाला नाही, सांगता येईल तुम्हाला? एक तरी गोष्ट? घरचा गडी सकाळपासून काय करून राह्यला ते तुम्हाला माहीत असतं. ज्याला तुम्ही शिक्का मारून पाठवलं, त्याचं माहीत नसतं. जाऊ द्या. आमच्या वाशीमकडच्या मालेगावात एक माणूस होता, त्याला माहीत होतं. त्याची गोष्ट सांगतो.

जमशेद भोंगेवाला. सायकलच्या हँडलवर पुढं भोंगा बांधलेला, मागं कॅरियरवर खोक्यात मशीन आणि बॅटरी. सिनेमा आला, सर्कस आली, कुणाची म्हैस हरवली, तरी जमशेद ओरडणार. आवाज असा की बाजारात मिरच्या निवडणाऱ्या बाया हात थांबवायच्या. आवाजाचा त्याला गर्व होता, आणि तो असायलाच पाहिजे होता.

एकाहत्तरच्या निवडणुकीत खासदारकीला उभ्या असलेल्या साहेबांच्या माणसांनी त्याला प्रचाराला लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून दिलं होतं. पण लिहिलेलं नुसतं वाचून दाखवील तो जमशेद कसला! भर बाजारात रंगात आला आणि पदरचं जोडलं, "साहेब दिल्लीत काय करतीन, कुठं हो म्हणतीन, कुठं नाई म्हणतीन, ते मी, जमशेद, याच भोंग्यावरून तुमाले येऊन सांगीन!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब निवडून आले. भाषणातलं सगळं लोक विसरले, जमशेदचं ते वाक्य तेवढं विसरले नाहीत. विसरू दिलं नाही ते देवमननं. देवमन आमच्या बुद्धवाड्यातला, हमाली करायचा, आणि जीभ अशी की पोतं उचलता उचलता चिमटा काढायचा. दर बाजाराला जमशेदची सायकल दिसली की विचारायचा, "काहो जमशेदभाई, का म्हणते तुयी दिल्ली?"

दुसऱ्या कुणी हसून सायकल पुढं काढली असती. जमशेदनं एसटी पकडली आणि जिल्ह्याच्या गावी साहेबांच्या बंगल्यावर गेला. पुढं जातच राहिला. साहेबांना आधी गंमत वाटली. चहा दिला, सांगितलं, राजेलोकांचे तनखे बंद केले, मी बाजूनं मत दिलं. जमशेदनं ते बाजारात असं सांगितलं जसं काही राजाच्या हातून थैली यानंच काढून घेतली. देवमन म्हणाला, "मंग ते पैसे आमाले कधी वाटतीन?" सगळा बाजार हसला. जमशेदही हसला.

मग दुष्काळ पडला. लोक खडी फोडायच्या कामाला लागले. त्या साली जमशेद बंगल्यावरून आला आणि त्यानं माईक तोंडाशी धरून पुन्हा खाली घेतला.

"बोल ना बे," देवमन म्हणाला.

"महागाईवर साहेब बोलले म्हनते."

"का बोलले? हो का नाई?"

"आवाजी मतदान झालं म्हनते. सगळे एका दमानं वरडते. हो वाले हो म्हनते, नाई वाले नाई म्हनते. कोन का म्हटलं, त्याची नोंद राह्यत नाई."

"म्हंजे तुया साहेब का वरडला, ते कोनालेच मालूम नाई?"

"नाई."

"मंग तुया भोंगा नेऊन दे ना त्याले. आमाले इथं आयकू तं येईन!"

त्या दिवशी बाजार हसला, जमशेद हसला नाही. आपण म्हैस हरवल्याचं सांगितलं तरी लोक दहा वर्षं आपल्याला धरून राहतात, आणि तिथं शंभर माणसं ओरडून मोकळी होतात, हे त्याच्या डोक्यातून जाईना. मला त्यानं हे दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा मीच तापलो. तो नुसतं सांगत होता.

शहात्तर साल. आणीबाणी चालू होती. पेपरात छापून यायचं ते सगळं गोडच. हरभरा सोंगायच्या दिवसांत देवमननं त्याला बाजारात नाही, एसटी स्टँडच्या मागं गाठलं. आवाज खाली आणून बोलला, "पाच वर्सासाठी देल्लं व्हतं आपन मत. पाच तं झाले. निवडनूक नाई म्हनते. सहावं वर्स कोनं देल्लं रे त्यायले?"

जमशेद बंगल्यावर गेला. साहेबांनी लपवलं नाही. चहा मागवला आणि म्हणाले, "सभागृहानं मुदत वाढवली. मी होकाराचं बटन दाबलं. पण जमशेद, ही भोंग्यावर सांगायची गोष्ट नाही. दिवस कसे आहेत ते पाहतोस ना?"

घरी आल्यावर त्यानं बायकोला, नजमुन्निसाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "बोल दो, मुलाकात नहीं हुई. भोंगा गया तो खाएंगे क्या?"

"मुलाकात तो हुई," जमशेद म्हणाला.

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. हे तिनंच मला सांगितलं, तेव्हाही भाकरीच थापत होती.

भोंगा म्हणजे त्या घराची चूल. तो घेऊन जमशेद बाजाराच्या मधोमध उभा राहिला. नेहमी 'आयका हो' म्हणून लांब हेल काढायचा, तो काढला नाही. सपाट आवाजात बोलला, "आपल्या खासदारसाहेबानं आपली मुदत एक वर्स वाढवाले होकाराचं बटन दाबलं. पाच वर्स आपन देल्ले व्हते. सहावं त्याइनं घेतलं. एकाहत्तरात सांगीन म्हटलं व्हतं, म्हून सांगतलं."

मी तिथं होतो. टाळी नाही, शिवी नाही. मिरचीवाली मिरची तोलत राहिली. देवमननं खाली पाहून पोतं पाठीवर घेतलं. दोन पोलीस आले. जमशेदनं स्वतःच हँडलवरची दोरी सोडून भोंगा त्यांच्या हातात दिला. मशीन गेली, बॅटरी गेली, जमशेदही आत गेला. सायकल तेवढी नजमुन्निसानं ढकलत घरी नेली.

पुढच्या साली निवडणुका जाहीर झाल्या तेव्हा तो जेलातून सुटला. जप्त झालेला भोंगा काही परत मिळाला नाही. कुणी म्हणे गंजला, कुणी म्हणे विकला.

आठवड्याच्या आत साहेबांची माणसं नवा कोरा भोंगा घेऊन दारात. "साहेबांचं मन मोठं आहे. झालं गेलं सोडून दे. भोंगा तुलेच ठेव, प्रचाराले लाग."

जमशेदनं भोंग्यावरून हात फिरवला. एवढं मी पाहिलं. विचारलं, "मांगच्या टायमाले जे सांगतलं, ते बी सांगू ना याच्यावरून?"

भोंगा परत गेला.

मग विरोधी माणसं जीप घेऊन आली. जेलची कहाणी आमच्या सभेत सांग म्हणाली. त्यांनाही त्यानं विचारलं, "तुमचा मानूस तिथं गेल्यावर कोनतं बटन दाबते, ते मले सांगसान?"

"आधी निवडून तं येऊ दे बाप्पा!" म्हणून ते हसले आणि गेले. या हसणाऱ्यांत माझे चळवळीतले सोबती होते. त्यांना मी तिथंच काय ते सुनावलं. जमशेद मध्ये पडला नाही.

साहेबांच्या माणसांनी रिसोडहून दुसरा भोंगेवाला आणला. साहेब पुन्हा निवडून आले.

देवमनला मी रस्त्यात अडवलं. "कुनाले देल्लं बे मत?"

"साहेबालेच."

"काहून?"

त्यानं पोतं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "दुसऱ्याले कोन वयखते? आन आता सांगनारा बी राह्यला नाई कोनी. कोन का दाबते, का माईत!"

जमशेदला हे मी जाऊन सांगितलं. मला वाटलं चिडेल. त्याच्या मांडीवर कुणाचा तरी स्टो होता. त्यानं पिन घातली, पंप मारून पाहिला, आणि म्हणाला, "वायसर गेला याचा."

आता तो हेच काम करतो. मालेगावच्या एसटी स्टँडला लागून बाभळीखाली पेटी मांडून बसतो. स्टो, कंदील, झाऱ्या. आवाज अजून तसाच आहे म्हणतात. मी दोन वर्षांत ऐकला नाही. लोक येतात, स्टो देतात, केव्हा नेऊ विचारतात. दुसरं काही विचारत नाहीत.

जिल्ह्याच्या गावी तो अजून जातो. हे कुणाला माहीत नाही, नजमुन्निसा सांगते. बंगल्याच्या फाटकावर उभा राहतो, साहेब बाहेर आले तर विचारतो, आणि रात्रीच्या एसटीनं परत येतो.

तेव्हा वाशीमच्या रस्त्यानं जात असाल तर मालेगावला उतरा. बाभळीखाली जा. स्टो नेला नाही तरी चालेल. त्याच्यासमोर बसा आणि विचारा, "जमशेदभाई, साहेबानं या टायमाले कोनतं बटन दाबलं?" तेवढं एकदा त्याला विचारा.