एकशे बारा दिवे आणि कलम सात

"हा कागद लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी साडी विकली आहे का?"

सभागृहात हशा पिकला. कागद मी लिहिला होता. साडी मी कधी विकली नव्हती, आणि खरं सांगायचं तर घेतानाही दहा मिनिटांत उरकते.

प्रश्न विचारणाऱ्या अलकाताई. माहेर येवल्याचं, घरात हातमाग, आणि नाशिकमध्ये एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर त्यांचं पैठणीचं दुकान. मी विद्युत अभियंता, सरकारी नोकरीतून रिटायर झालेली. व्यापारी इमारतींमध्ये वीज वाया जाऊ नये म्हणून धोरण ठरवायला राज्य सरकारने समिती नेमली, तिच्यात मला घेतलं. आमचा मसुदा जाहीर झाला होता आणि त्या दिवशी हरकतींची सुनावणी होती. म्हणजे लोकांनी बोलायचं आणि आम्ही ऐकून घ्यायचं.

भांडण होतं कलम सातवरून. त्यातला मुख्य शब्द 'लाइटिंग पॉवर डेन्सिटी'. नाव मोठं, काम सोपं. दुकानातल्या सगळ्या दिव्यांचे वॅट मिळवायचे आणि दुकानाच्या क्षेत्रफळाने भागायचे. येणारा आकडा मर्यादेच्या आत हवा. नसेल तर दिवे कमी करा, नाहीतर परवान्याचं नूतनीकरण अडणार.

"माझ्याकडे एकशे बारा दिवे आहेत," अलकाताई म्हणाल्या. "तुमच्या नियमाने निम्म्याहून जास्त काढावे लागतील. लग्नसराई तोंडावर आलीय. माझं वर्ष त्यावर चालतं, मॅडम. त्यापेक्षा मी शटर ओढते आणि चावी तुमच्या टेबलावर ठेवते."

टाळ्या पडल्या. आमचे अध्यक्ष सज्जन माणूस, पण टाळ्यांना फार भितात. चहाच्या वेळी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"साळवे मॅडम, कलम सात गाळून टाकू. उगाच डोक्याला ताप कशाला?"

"साहेब, ते गाळलं तर मसुद्यात उरतं काय? प्रस्तावना?"

"मग पुढच्या सुनावणीच्या आत काहीतरी मार्ग काढा."

मला राग आला होता, अलकाताईंचाही आणि साहेबांचाही. दुसऱ्या दिवशी लक्स मीटर पर्समध्ये टाकला आणि दुकान गाठलं. लक्स मीटर म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, मोबाइलएवढं असतं. या बाईंना आकडे दाखवून गप्प करायचं, असं ठरवूनच गेले होते.

आत शिरले आणि डोळे दिपले. दिव्यांनी दुकान तापत होतं आणि एसी ते गार करत होता. दोघं एकमेकांविरुद्ध दिवसभर राबत होते.

"या. चावी न्यायला आलात?" अलकाताई म्हणाल्या. पण लगेच गादीवर बसवलं, पाणी दिलं.

काउंटरवर निफाडकडची एक आई आणि तिची लेक बसली होती. पुढ्यात पाच-सहा पैठण्या उलगडलेल्या.

"ह्यो वांगी हाय का आमसुली?" आईने विचारलं. "इथं काय समजत नाय."

दुकानातल्या एक बाई मुकाट उठल्या, साडी दोन्ही हातांवर घेतली आणि दाराबाहेर गॅलरीत गेल्या. मायलेकी त्यांच्या मागोमाग. कठड्याशी साडी धरली. "हां, आमसुली हाय," आई म्हणाली, आणि तिघी परत आत आल्या. मी तिथे तासभर होते. तेवढ्यात सात साड्या गॅलरीत जाऊन आल्या.

"या सुशीलाबाई," अलकाताई म्हणाल्या. "त्यांचं मुख्य काम तेच. धूपछाव साडीत उभा धागा एका रंगाचा असतो, आडवा दुसऱ्या. दिव्याखाली ते दोन रंग खेळत नाहीत. बाहेर न्यावीच लागते."

मीटर लावून बघितला. काउंटरवर उजेड गरजेपेक्षा कितीतरी जास्त होता. पण दिवा प्रखर असला म्हणजे रंग खरा दाखवतोच असं नाही. स्वस्तातला दिवा आमसुलीला बिनदिक्कत वांगी करतो.

"ताई, रंग गॅलरीत बघायचा, तर मग हे एकशे बारा दिवे कशाला?"

अलकाताई उठल्या. मग मला पुढच्या काचेशी घेऊन गेल्या. रस्त्यापलीकडे साड्यांचं दुसरं दुकान, भर दुपारी लखलखत होतं.

"त्यांनी दिवे वाढवले आणि आमच्या जिन्याशी आलेली गिऱ्हाईकं तिकडे वळायला लागली. मग मी वाढवले. मग त्यांनी परत. साडीसाठी नाहीत हो हे. मी एकटीने कमी केले तर लोक म्हणतील, बसलं वाटतं दुकान."

"नियम तर त्यांनाही आहे."

"आहे ना. तुम्हीच लिहिलंय, परवान्याचं नूतनीकरण ज्या महिन्यात, त्या महिन्यापासून लागू. माझं पुढच्या महिन्यात आहे. त्यांचं लग्नसराई संपल्यावर."

मी चाट पडले. हे कलम लिहिताना मी फक्त कारकुनांची सोय बघितली होती. फायली एकदम न येता महिन्या-महिन्याने येतील, एवढाच विचार. त्यात ही बाई आख्खा सीझन अंधारात आणि समोरचा उजेडात. रागावून आले होते त्याची मला लाज वाटली, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "चहा घ्या."

चहा पिताना माझं लक्ष मागच्या रॅककडे गेलं. "ही भिंत उत्तरेची ना? मागे खिडकी असेल."

"आहे की, मोठी आहे. बाहेरून आमच्याच नावाचा फ्लेक्स, आतून प्लायवूड. रेशमाला ऊन चालत नाही, रंग उडतो."

"उत्तरेकडून ऊन जवळपास येतच नाही. नुसता उजेड येतो. रंग बघायला त्याच्यासारखा उजेड नाही."

"मी कधीची सांगतेय, ती खिडकी उघडा," सुशीलाबाई म्हणाल्या. "गॅलरीच्या फेऱ्यांनी माझे गुडघे गेले."

पुढच्या सुनावणीला मी कलम सात नव्याने मांडलं. माल दाखवायच्या काउंटरला थोड्या जास्त वॅटची सवलत, पण दिवे रंग खरा दाखवणारे हवेत. नावाच्या बोर्डाने खिडकी झाकायची नाही. आणि एका रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांना नियम शक्यतो एकाच दिवशी लागू.

अलकाताई उभ्या राहिल्या. "माझी एक हरकत आहे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं.

"'शक्यतो' काढा," त्या म्हणाल्या. "सगळे एकाच दिवशी दिवे काढणार असतील तर मी पहिली शिडी लावते. नसतील तर माझा विरोध कायम."

मागच्या रांगेतून समोरच्या दुकानाचे मालक उठले. आता हे उलटं बोलणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, "माझंही तेच म्हणणं आहे. मलाही यांच्याकडे बघूनच दिवे लावावे लागले होते."

पुन्हा टाळ्या पडल्या. या वेळी साहेब खुशीत होते. 'शक्यतो' त्यांनी स्वतःच्या पेनाने खोडला आणि तो रस्ता प्रायोगिक म्हणून निवडला. राज्यभरचं धोरण अजून फायलींतून फिरतंय, पण त्या रस्त्यावर लग्नसराईच्या आधी, एकाच सोमवारी, सगळ्यांचे जादा दिवे उतरले. अलकाताईंकडे आता चाळीसेक आहेत. सुशीलाबाई खिडकीजवळ बसून साड्या दाखवतात.

सीझन संपता संपता अलकाताईंचा फोन आला.

"मॅडम, यंदा समोरच्यांचं माझ्यापेक्षा जास्त चाललं."

मी धसकलेच. "दिव्यांमुळे?"

"छे. दिवे दोघांचे सारखेच. त्यांनी मोरपंखी माल चांगला आणलाय. पुढच्या वर्षी बघते मी त्यांच्याकडे."

आवाज मात्र मजेत होता. तेव्हापासून कुठलाही नियम लिहायच्या आधी मी दुकानदाराला एकच विचारते, समोर कोणाचं दुकान आहे. मीटर त्यानंतर काढते.