चोवीस कोकरं आणि एक ‘नाही’

निजामाच्या राज्यात जनावरांच्या डॉक्टरला लोक सलोतरी म्हणत. माझे वडील परभणीत सलोतरी होते. मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले की त्यांची कारकून होई. मला आकडे आवडत, कारण आकड्यांशी बोलताना मान वर करावी लागत नाही.

त्या वर्षी कोकरांच्या जंतांवर सरकारकडून नवी पूड आली होती. ती खरंच चांगली का, हे तपासून कळवायचं होतं. झरीच्या वाटेवर एका धनगर मावशीची मेंढरं बसली होती. ती आपल्या कोकरांना पळसाच्या बिया वाटून द्यायची. वडिलांनी ठरवलं की तिच्या चोवीस कोकरांपैकी बारांना पूड द्यायची, बारांना पळस, आणि महिन्यानं दोन्हीकडची वजनं ताडून बघायची.

मावशीनं लगेच बारा कोकरं निवडून पुढं लोटली. त्यातलं एक लंगडत होतं, दोन तर उभीही राहत नव्हती.

“ही सरकारला,” ती म्हणाली.

“आणि धडधाकट तेवढी तुला?” वडिलांनी विचारलं.

“मंग? सरकारचं औषध लय भारी हाय म्हनता. दाखवा की भारीपना.”

वडील हसले. त्यांनी तिच्याच टोपलीत बारा पांढरे आणि बारा काळे खडे टाकले, वर फडकं घातलं, आणि एकेक कोकरू पुढं आलं की तिलाच एक खडा काढायला लावला. पांढरा निघाला की पूड, आणि खूण म्हणून पाठीवर गेरूचं बोट. तिच्या घोंगडीत झोपणारं लाडकं कोकरू गेरूवाल्यांत गेलं, तेव्हा ती त्या खड्यालाच शिव्या देत बसली. मग बाभळीच्या फांदीला काटा टांगून, कोकरं झोळीत घालून वजनं केली. मी ती लिहून घेतली.

महिन्यानं पुन्हा वजनं झाली. सगळीच कोकरं वाढली होती. गेरूवाली सरासरीनं पावशेर जास्त. वडील तिथूनच येलदरीकडे दौऱ्यावर निघाले. जाताना मला म्हणाले, “पावशेराला भुलू नकोस. आधी असं धरून चाल की पूड आणि पळस यांत काही फरक नाही. तसं असलं तरी निव्वळ नशिबानं पावशेर पडू शकतो का, ते बघ.”

घरी येऊन मी प्रत्येक कोकराची वाढ एकेका चिठ्ठीवर लिहिली. चिठ्ठ्या डब्यात हलवून बारा-बारांचे दोन ढीग केले आणि त्यांच्या सरासरीतलं अंतर काढलं. असं साठ वेळा. या ढिगांचा औषधाशी काही संबंध नव्हता, तरी पावशेर किंवा त्याहून जास्त अंतर वीसेक वेळा पडलं. जे नुसत्या योगायोगानं इतक्या सहज होतं, त्याचं श्रेय पुडीला कसं द्यायचं? मी वहीत ‘फरक नाही’ असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी कोकरं दारात उभी करून आमच्या ओसरीवर येऊन बसली.

“ताई, फरक हाय का वो?”

“नाही,” मी वहीकडे बघत म्हणाले.

“कायबी न्हाई?”

“काहीच नाही.”

ती उठली, मागल्या दारी जाऊन आईकडे पाणी मागून प्यायली आणि गेली. इतक्या थोड्या शब्दांत निभावलं म्हणून मला बरं वाटलं.

तेवढ्यात आई बाहेर आली. “काय सांगितलंस तिला? कोकरं आत्ताच बाजारात नेते म्हणाली. मरायच्या आधी खाटकाला दिलेली बरी, म्हणे.”

“मी फक्त फरक नाही म्हणाले.”

“अगं, दुखणाइताला काय विचारतात? फरक आहे का, म्हणजे उतार पडला का. आणि तू नाही म्हणालीस.”

हिशेबातल्या कल्पनेला मी घरचा शब्द लावला होता, आणि तो शब्द इथं आधीच दुसऱ्या कामावर होता. निरोप घेऊन पाठवायला कुणी नव्हतं; वडिलांचा चपराशी त्यांच्याबरोबर दौऱ्यावर गेलेला. मी चपला घातल्या. बाजारात एकटी मी त्याआधी कधीच गेले नव्हते.

मावशी बाजाराच्या तोंडाशीच सापडली. खाटीक एका कोकराची पाठ चाचपत होता, चार माणसं बघत होती.

“मावशी, फरक आहे,” मी म्हणाले.

“क्या बोली?” खाटकानं विचारलं. माझा आवाज कोकरापर्यंतसुद्धा पोचला नसावा.

मी पुन्हा म्हणाले, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं. “कोकरं बरी आहेत. दोन औषधांच्या गुणात फरक नाही, एवढंच मी म्हणाले होते.”

“गेल्या सालीबी अशीच गुबगुबीत दिसायलती, आन आठ दिवसांत सात पडली.”

“गेल्या साली वजनं केली नव्हती. या वेळची माझ्या वहीत आहेत. घटलेलं एकही नाही.”

मावशी माझ्याकडे वळली. “म्हंजी माझा पळस आन सरकारची पूड सारखीच?”

“सारखी असं नाही म्हणता येणार. फरक दिसला नाही, एवढंच म्हणता येतं.”

“ताई, तुमी लय जपून बोलता,” मावशी म्हणाली. “सकाळीबी असंच जपायचं व्हतं.”

मग तिनं खाटकाच्या हातातलं कोकरू ओढून घेतलं. “न्हाई इकायची. वाढायलीत.”

“फिर लाई कायकू?”

“बाजार दाखवायला,” ती म्हणाली, आणि चोवीसच्या चोवीस कोकरं वळवून झरीच्या वाटेला लागली.