शिडाचं पोट

"होट्टी मरीब्याडरी," असं म्हणून ओवरसियर पद्मराज दुकानाची पायरी उतरायला लागले, आणि परशराम शिंपी हातातली कात्री टाकून त्यांच्या मागं धावला.

"छे छे, रावसाहेब! उपाशी कसं जाताय? आत तव्यावर भाकरी हाय."

होट्टी म्हणजे पोट. 'पोट विसरू नका' असं कन्नडातून सांगणाऱ्या माणसाला भर बाराच्या उन्हात तसाच कसा पाठवायचा? पद्मराज जरा बावचळले. मग त्यांना वाटलं, शहापुरात अशीच रीत असेल, आणि ते पाटावर बसले. पाहुणा निपाणीकडचा जैन, म्हणून परशरामच्या बायकोनं, नागुबाईनं, कांदालसूण न घालता आमटी केली. पद्मराज दोन भाकऱ्या जेवले, हात धुतले आणि स्टेशनची वाट धरली. आपण महत्त्वाचं ते सांगितलं, असं त्यांना वाटलं. आपण महत्त्वाचं ते केलं, असं परशरामला वाटलं.

ही १९२८ सालची गोष्ट. घटप्रभेवरच्या बंधाऱ्यामागं पाणी तुंबलेलं असायचं, आणि त्या पाण्यावर एक इंजिनियर साहेब छोटी शिडाची होडी चालवायचा. त्याची बदली झाली तेव्हा ती होडी तो पद्मराजांना देऊन गेला. होडी धड होती, शीड मात्र विरलेलं. दोन पावसाळे पद्मराजांनी ठिगळं लावून काढले, आणि शेवटी जुनं शीड नमुन्याला घेऊन, बरोबर घट्ट विणीच्या मांजरपाटाचा तागा घेऊन बेळगाव गाठलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, मोठं कापड सांधावं ते बेळगावला लागून असलेल्या शहापूरच्या परशराम शिंप्यानं.

ते खोटं नव्हतं. परशराम नाटक कंपन्यांचे पडदे शिवायचा. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, दरबाराचा पडदा. चित्रं रंगवणारे वेगळे. ह्याचं काम पट्टीला पट्टी जोडून वीस हात रुंदीचं कापड असं टांगायचं, की त्यावर कुठं सुरकुती दिसता कामा नये. त्याच्या पडद्यावर दरबाराचा खांब कधी वाकला नाही. ह्या गोष्टीचा त्याला एवढा अभिमान, की लग्नाच्या मांडवात बसला तरी डोळे वर, मांडवाच्या कापडावर.

नागुबाई संकेश्वरची. तिची आई बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसून चोळ्या बेतायची. माप घ्यायला सुतळी नाही, टेप नाही. बाई समोर उभी राहिली, की एक नजर वरून खाली, आणि खणावर कात्री. नागुबाई दहा वर्षांची असल्यापासून आईच्या शेजारी बसून टाके घालत होती. लग्न होऊन शहापुरात आली ती सुईदोरा घेऊनच. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या अंगावर तिच्या हातची चोळी असे. सगळं हातानं.

कारण मशीन परशरामचं. पायानं चालवायचं, काळंभोर, सोनेरी वेलबुट्टीचं ते मशीन दुकानात आलं त्या दिवसापासून नागुबाईला एकच ध्यास होता, त्यावर बसायचं. नऊ वर्षांत तिनं नऊशे वेळा विचारलं असेल.

"तुझा हात वाकडा चालतोय," परशराम दर वेळी म्हणायचा. "चोळीला चालतंय त्ये. पडद्याच्या मशीनला सरळ हात लागतोय."

"बसल्याबिगर सरळ कसा होणार हात?"

"झाल्याबिगर बसायचं कसं?"

इथं बोलणं संपायचं.

जुनं शीड त्यानं परसात अंथरलं तेव्हा नागुबाई डाळ निवडत होती. तीन कोपऱ्यांचं, पिवळं पडलेलं ते धूड परशराम गुडघ्यावर रांगत तळहातानं सपाट करत होता. इकडं दाबलं की तिकडं टेंगूळ. तिकडं दाबलं की इकडं.

"अवो, त्ये सपाट बसंना कशापाई?"

"जुनं हाय. ढिलं पडलंय."

"ढिलं पडलेलं कापड लोळतंय. ह्ये तर फुगालंय."

"आणि ही कड बघ!" परशराम हसायला लागला. "धनुष्यागत बाक. सायबाचा शिंपी पिऊन बसला असणार."

त्यानं नव्या शिडाची कड दोरी धरून सरळ कापली. पट्ट्या सरळ जोडल्या, प्रत्येक सांधा बोटभर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तेवढाच. जुन्या शिडाचे चांगले तुकडे कोपऱ्यांना मजबुतीला लावले, उरलेलं फाडून फडकी केली. नवं शीड भिंतीवर टांगलं तेव्हा ते आरशासारखं दिसत होतं.

पद्मराज ते शीड घेऊन गेले, आणि पंधरा दिवसांनी तेच काखोटीला मारून परत आले.

"काय झालं, रावसाहेब? उसवलं?"

"न्हाय."

"सुरकुती पडली?"

"सुरकुती कसली! इस्त्री केल्यागत हाय. पाठीमागनं वारा असला तर जाती होडी. समोरनं आला की फडफड, फडफड, आणि जागच्या जागी. जुनं फाटकं होतं तरी समोरच्या वाऱ्यात चढायचं. परशराम, होट्टी कुठाय?"

"होट्टी?" परशरामनं आत बघितलं. "त्या दिशी जेवलासा की!"

आत काहीतरी आपटलं. नागुबाई हातातलं भांडं टाकून हसत होती. पद्मराज आधी परशरामकडं बघत राहिले, मग त्यांच्याही ध्यानात आलं. "अरं शिडाची होट्टी! शिडाचं पोट! मी माझ्या पोटाचं सांगत होतो व्हय?"

परशरामचं तोंड एवढंसं झालं. नागुबाई पदर सावरत दाराशी आली.

"आण्णा, जुनं शीड भुईवर सपाट बसत नव्हतं. तेच त्याचं पोट काय?"

"तेच."

"आणि समोरनं वारा आल्यावर होडी पुढं कशी जाती? मागं नको व्हय जायला?"

"सरळ न्हाय जात. तिरकी तिरकी, नागमोडी जाती." पद्मराजांनी हातानं दाखवलं. "साहेब म्हणायचा, वारा शिडाला नुसता ढकलत न्हाय, ओढतोय. पण त्याला पोट पायजे, आणि ते डोलकाठीच्या जवळ पायजे. ओढतोय म्हंजे कसं, ते मलाबी पुरतं उमगलं न्हाय बघा."

"वारा ओढतोय," नागुबाई पुटपुटली. दिवसभर तेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या जयाबाईला ती परसात वाळत घातलेल्या कपड्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी दिसली.

"काय गं, दोरीची पूजा घातलीस काय?"

"आक्का, ह्ये धोतर बघ. नुसतं फडफडतंय. आणि ही चोळी बघ."

"माझीच चोळी हाय ती. काय बघू?"

"वारा शिरला की गप्प होती. फुगती आणि दोरी ओढून धरती. वारा हिकडनं, आणि ओढ तिकडं."

जयाबाईनं चोळीकडं पाहिलं, नागुबाईकडं पाहिलं. "तुझं डोस्कं फिरलंय," असं म्हणून तिनं चोळी दोरीवरून काढली आणि घडी करून काखेत धरली.

नागुबाई तशीच दुकानात गेली. परशराम त्या नव्या शिडासमोर गालाला हात लावून बसला होता.

"नवं कापड लागत न्हाय," ती म्हणाली. "ह्याचेच सांधे उसवायचे. पट्टीवर पट्टी चढती तिथं डोलकाठीकडच्या कडंला जास्त कापड दाबायचं, दोन बोटं. आत येता येता कमी करत न्यायचं, शेवटाला साधा बोटभर सांधा. चोळीला चिमटा घेतोय तसा. चिमटा जिथं संपतोय तिथं फुगवटा येतोय."

परशरामनं इकडंतिकडं पाहिलं. "हळू बोल. होडीला चोळी शिवली म्हणून नाटक कंपनीत कळलं तर मला तोंड दाखवायला जागा ऱ्हाणार न्हाय."

"मग मी शिवते. मला बसू द्या."

"खुणा कर. शिवतो मी."

"खुणंनं न्हाय कळायचं. त्ये हाताला कळतंय."

"नागू, खुणा कर."

तिनं निळा खडू घेतला. पाच सांधे, पाच वाकड्या रेघा. परशराम मशीनवर बसला. पहिले तीन सांधे ती शेजारी उभी राहून बोलत होती, "आता आत घ्या, आता सोडा, सोडा," आणि तो दात खाऊन रेघेवरून जात होता. मग चुलीवर दूध उतू गेलं आणि ती आत पळाली. परत आली तोवर खालचे दोन सांधे झाले होते, आणि शिडाची घडीही.

रविवारी सकाळच्या गाडीनं दोघं बंधाऱ्याजवळच्या गोकाक रोड स्टेशनवर उतरली. पद्मराज पाण्यावर वाटच बघत होते. होडी एवढीशी, तिघं बसली तर गुडघ्याला गुडघा लागेल. परशरामनं पाणी बघितलं आणि दोन पावलं मागं सरला.

"तुम्ही व्हा फुडं. पडदा लांबनंच बघायचा असतोय."

"बाई, तुम्ही येणार?" पद्मराजांनी विचारलं.

नागुबाईनं कासोटा घट्ट केला आणि होडीत जाऊन बसली. काठावर कपडे धुणाऱ्या बायकांनी हात थांबवले.

वारा समोरून होता. पद्मराजांनी होडी तिरकी केली, दोरी ओढली, आणि फडफड थांबली. शिडाचा वरचा भाग हळूच फुगला, जणू कुणी आतून श्वास घेतला. होडी एका अंगावर कलली आणि निघाली. नागुबाईच्या तोंडून "अगं आई" एवढंच आलं.

"आण्णा, दोरी माझ्याकडं द्या."

"ओढ बसंल हाताला."

"त्याच्यासाठीच मागालेय."

दोरी हातात आली आणि तिनं मूठ आवळली. ओढ होती. धक्का नव्हे, ओढ. हट्टी वासरानं दावं ताणावं तशी. तिनं दोरी जरा सोडली, ओढ गेली. जरा घेतली, परत आली. तिनं तेच सहा-सात वेळा केलं. पद्मराज "बाई, दगडावर जाईल," म्हणाले तेव्हा कुठं तिनं वर बघितलं. वरचे तीन सांधे गोल होते. खालचा भाग ताठ, सपाट, आणि त्याच्या कडेला कापड थरथरत होतं. होडी पुढं जात होती, पण बाजूलाही घसरत होती.

जुन्या शिडानं पलीकडच्या खडकापर्यंत चार वळणांत जाता यायचं, तिथं आता सात वळणं लागली. तरी पद्मराज खूश. "चढली की समोरच्या वाऱ्यात! आता ह्याच्यापेक्षा जास्त काय पायजे?"

"न्हाय आण्णा. ह्ये वरनं बाई आणि खालनं फळी झालंय. शीड परत द्या."

"काय बोलताय! चांगलं चाललंय की."

"परत द्या."

काठावर परशराम उभाच होता. "बघितलं मी! चढली!" तो लांबूनच ओरडला. नागुबाईनं उतरून शीड वाळूवर पसरलं आणि खालच्या सांध्यावर बोट ठेवलं. तिची निळी रेघ अजून तिथंच होती, वळत गेलेली. शिवण तिच्यापासून बोटभर लांब होती. दोरी धरून मारल्यासारखी सरळ.

परशराम उकिडवा बसला. त्यानं रेघ बघितली, शिवण बघितली. पाचव्या सांध्याकडं गेला. तिथंही तेच.

"मी रेघंवरनंच गेलतो, नागू."

"डोळं रेघंवर व्हतं. हात न्हवता."

"म्हंजे आपोआप सरळ गेला." त्यानं स्वतःचा उजवा हात उलटासुलटा करून बघितला. "वीस वरसं सरळच चालवलाय."

"व्हय."

"परत केलं तरी परत सरळच जाईल."

नागुबाई शीड गुंडाळायला लागली. पद्मराजांनी दोघांकडं बघितलं आणि होडीत साचलेलं पाणी उपसायला उगीचच निघून गेले.

गाडीत परशराम खिडकीबाहेर बघत बसला. नागुबाईनं मांडीवर शीड घेऊन सुईच्या टोकानं सांधे उसवायला घेतले. बेळगाव येईपर्यंत खालच्या दोन पट्ट्या सुट्या झाल्या होत्या.

सोमवारी ती दुकानात आली तेव्हा परशराम मशीनखाली आडवा पडला होता. फक्त पाय दिसत होते.

"काय करालासा?"

"पट्टा सैल करालोय. तुझा पाय हलका हाय, त्याला ह्यो ताण झेपायचा न्हाय." तो बाहेर आला, कपाळाला तेलाचा डाग. स्टूल त्यानं पुढं सरकवलं, मग जरा विचार करून आणखी पुढं. "बस."

ती बसली. पायाखालची लोखंडी जाळी दाबली, आणि चाक उलटं फिरून दोरा तटकन तुटला. परशरामचं तोंड उघडलं. त्यानं ते मिटलं. दोरा ओवला, तिनं परत पाय दाबला, परत तुटला. तिसऱ्या वेळी त्यानं खालचा ओठ दातात धरला आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसला, दुकानाकडं पाठ करून.

आतून चाकाचा आवाज येत होता. थांबत, अडखळत, मग जरा लांब, मग परत थांबत. जयाबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. ती थबकली.

"परशराम, बाहेर कसा काय? दुकान बंद हाय?"

"न्हाय," परशराम म्हणाला. "शिंपी आत हाय."