तिसऱ्या शिट्टीला बंद पडणारा संगणक

संगणकाला ताप भरला तेव्हा मी त्याच्या माथ्यावर ओल्या पंच्याची घडी ठेवली.

हा उपचार आमच्या घराण्यात तीन पिढ्या लागू पडला आहे. तापलं ते तापलं, मग पोर असो की यंत्र, असा माझा सरळ हिशेब. वसुधा, म्हणजे आमची सौ., स्वयंपाकघरातून आली. तिने आधी बटण बंद केलं, मग पंचा उचलला, मग माझ्याकडे पाहिलं. (क्रम लक्षात घ्यावा. मी तिसरा.)

"विजेच्या वस्तूवर पाणी?"

"पिळून घेतला होता."

एरवी संगणक झोपला तर आमच्या देवासच्या घरात कुणाचं काही अडत नाही. पण येत्या रविवारी धारला काकूंचं सहस्रचंद्रदर्शन होतं. काकू म्हणजे माझ्या चुलत्यांच्या पत्नी, आमच्या कुळाचाराच्या शेवटच्या जाणकार. कुठल्या सणाला काय रांधायचं, कुठला दिवा कुणी लावायचा, सगळं त्यांच्या तोंडी. "माझ्यामागे पोरं कुळाचार काय हिंदीत विचारणार?" ही त्यांची काळजी. म्हणून वर्षभर काकूंनी धारहून फोनवर सांगायचं आणि वसुधाने इथे टाइप करायचं, असं चाललं होतं. त्याची छापील पुस्तिका रविवारी त्यांच्या हातात ठेवायची होती. उरलं होतं फक्त दसऱ्याचं प्रकरण. आणि वसुधाचा हात बसलेला जुना मराठी कळफलक तेवढा ह्याच संगणकात!

ती "नवमीस प्रातःकाळी" एवढं टाइप करी की संगणक घोंघावे आणि डोळे मिटून घेई.

आता मात्र माझं कुतूहल चाळवलं. मी एक वही केली. इकडे संगणक सुरू केला, तिकडे वसुधाने कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला संगणक बंद. दुसऱ्या दिवशी राजमा होता, तरी तिसऱ्या शिट्टीलाच बंद.

"राजम्याचा काही परिणाम नाही," मी वहीत नोंदवलं.

"राजम्याला बरं वाटेल ऐकून," वसुधा म्हणाली.

मग मी संगणक खिडकीशी नेला, माठाशेजारी ठेवला, शेवटी कूलरसमोर बसवला. वैशाखाच्या उन्हाळ्यात कूलरचा सगळा वारा त्याला आणि घामाच्या धारा मला. तरी शिट्ट्या तीनच! एक नवी गोष्ट मात्र कळली. बंद पडायच्या जरा आधी खोलीत छान खमंग वास सुटायचा.

"शेजारी चिवडा करताहेत," मी म्हणालो.

"रोज?"

गुरुवारी काकूंचा फोन आला. "दसरा आला का गं?"

"येतोय काकू. नवमीपर्यंत आलाय."

"सोमवारीही नवमीच होती तुमच्याकडे."

वसुधाने फोन ठेवला आणि मला न विचारता कमल भियाला बोलावलं. कमल भिया म्हणजे चौकातला संगणक दुरुस्त करणारा, माझ्याच वयाचा. त्याने माझी वही आदराने बाजूला ठेवली, चार स्क्रू काढले, झाकण उघडलं, आत बॅटरी मारली आणि वाकून वास घेतला.

"भिया," तो म्हणाला, "इसमें पुलाव किसने चढ़ा रखा हे?"

आत तांदूळ होते. लाल, कुंकवात माखलेले आणि भाजून कडक झालेले. पंख्याच्या पात्यांत ते असे चिकटले होते की पंखा फिरत नव्हता, नुसता कण्हत होता.

मला सगळा उलगडा झाला. (वसुधाला माझ्याआधी झाला असावा.) आमच्याकडे खंडेनवमीला घरातली अवजारं पूजतात. विळी, शिवणयंत्र, स्कूटर, संगणक. पूजा मी करतो. विळीला दोन दाणे, स्कूटरला चार आणि संगणकाला मूठभर, कारण तो सगळ्यांत नाजूक. त्याच्या माथ्यावरच जाळी आहे. अशा सात नवम्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वर जेमतेम चार दाणे उरायचे, तेव्हा मला वाटायचं वसुधाने पुसून घेतलं. वसुधाला वाटायचं मी हात आखडता घेतला. एवढा मी जिज्ञासू, पण बाकीचे दाणे जातात कुठे, हा प्रश्न काही मला सात वर्षांत पडला नाही.

कमल भियाने ब्रशने दाणा दाणा काढला. अर्धी वाटी भरली.

त्या संध्याकाळी काकू फोनवर सांगू लागल्या आणि वसुधा टाइप करू लागली. "नवमीस प्रातःकाळी कर्त्या पुरुषाने ज्यांच्यावर घर चालतं, त्या सर्वांवर अक्षता वाहाव्या." कुकरची तिसरी शिट्टी झाली, चौथीही झाली. संगणक शांत होता. वसुधाची बोटं मात्र थांबली.

"सर्वांवर, काकू?"

"सर्वांवर. कुणी वगळायचं नाही."

रविवारी धारला काकूंनी पुस्तिका हातात घेतली, चष्मा वर केला आणि आधी दसराच उघडला. ओळीवर बोट ठेवून पूर्ण वाचला आणि पुस्तिका पदराखाली ठेवून दिली. मग जेवणं होईपर्यंत ती कुणालाच मिळाली नाही.

परतीच्या बसमध्ये इंदूर मागे पडल्यावर वसुधा बोलली.

"माझ्यावर शेवटच्या अक्षता पडल्या त्या लग्नात. सव्वीस वर्षं झाली."

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

"तरी एकदाही बंद पडले नाही," ती म्हणाली. "येत्या नवमीला मला मोजून चारच वाहा. तुमचा सढळ हात मी संगणकाच्या आत पाहिलाय."